न दिसणारा रकाना

आखाडा बाळापूरच्या मोंढ्यासमोर, म्हणजे धान्याच्या बाजारासमोर, सुरय्याआपांचं टायपिंगचं दुकान होतं. मोंढ्याचं फाटक माझ्याकडं होतं. कोणती गाडी आत सोडायची आणि कोणती परत पाठवायची, हे माझं काम. कोणता कागद ठेवायचा आणि कोणता फाडून पुन्हा टाईप करायला लावायचा, हे त्यांचं. आपापल्या कामात आमी दोघंबी कोणाचं ऐकत नव्हतो. म्हणून आमचं जमलं, आणि भांडणंबी त्याच्यामुळंच झाली.

माझ्या शिक्षणाचं आधीच सांगून टाकतो. मी दुसरी पास. तिसरीत गुरुजींनी विनाकारण मारलं, मी पाटी तिथंच ठेवून घरी आलो, ते परत गेलो न्हाई. इंग्रजी मला ट्रकांच्या नंबरपाट्यांनी शिकवली. अक्षरं आणि आकडे वाचता येतात, शब्द लागत न्हाईत. हे मी हातानं लिहिलंय आणि केशव राठोडनं टाईप केलंय. त्याला बजावलंय, एक शब्द सुधारशील तर कागद परत घेईन.

आपा अंगानं बारीक. मनगटावर वडिलांचं भलं मोठं घड्याळ, पट्ट्याला एक भोक जास्तीचं पाडलेलं. हातात कायम एक फुटाची लाकडी पट्टी. वाचताना ती ओळीखाली धरायच्या, आणि शिकणाऱ्यानं चूक केली की तीच त्याच्या बोटांवर. टाइपरायटरवर घडलेला हात. पुढं कॉम्प्युटर आला तरी कळा अशा बडवायच्या की मला फाटकावर ऐकू यायचं. प्रत्येक बोलण्याच्या शेवटी "बराबर?" विचारायच्या, आणि उत्तराची वाट बघायच्या न्हाईत.

त्यांच्या दुकानात एक कायदा होता. अर्जाचा रकाना कोरा ठेवायचा न्हाई. एका विधवा बाईचा अर्ज कचेरीतून तीनदा परत आला होता. चूक काही नव्हती, एक रकाना मोकळा होता एवढंच. ती बाई दुकानात बसून रडली. तेव्हापासून आपांकडं शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला पहिला धडा हाच. "सांगण्यासारखं काही न्हाई? मग निरंक लिहा. पण लिहा. कोरी जागा दिसली की साहेबाला बहाणा भेटतो."

केशव राठोड तांड्यावरून सायकलीनं यायचा. त्याच्या बोटांवर या एका धड्यापायी किती पट्ट्या बसल्या, ते मी फाटकावरून पाहिलंय. एकदा तो म्हणालाबी, "आपा, हात सुजला तर टाईप कशानं करू?"

"डाव्यानं. आणि रकाना भरून."

दुसरा कायदा पत्त्याच्या कार्डाचा. क्लासात नाव घालताना प्रत्येकानं स्वतःचं एक कार्ड टाईप करायचं: नाव, गाव आणि रक्ताचा गट. गट ठाऊक नसेल तर सरकारी दवाखान्यातून तपासून यायचं, मग मशीनीला हात लावायचा. लोक हसायचे. टायपिंग शिकायला रक्त कशाला, म्हणायचे. आपा कोणाला कारण सांगत नव्हत्या. मला सांगितलं, तेबी एकदाच. त्यांची धाकटी बहीण बाळंतपणात रक्त न मिळाल्यानं गेली. गट दुर्मिळ होता, ओ निगेटिव्ह. नंतर कळलं की त्याच गटाचा माणूस त्यांच्याच गल्लीत, चार घरं सोडून राहत होता. त्या दिवशी तो घरीच होता. "त्याला कोणी विचारलं न्हाई, मामा. विचारायचं हे कोणाला ठाऊकच नव्हतं." एवढं बोलून त्यांनी पट्टी घेतली आणि कोणाचा तरी कागद तपासायला लागल्या.

नव्वद ते दोन हजार, दहा वर्षांत कार्डांच्या तीन पेट्या भरल्या. मग कॉम्प्युटर आला, आणि त्याच्या मागं टेलिफोनच्या तारेवरून इंटरनेट. जाडजूड इंग्रजी पुस्तकं समोर ठेवून, ओळीखाली पट्टी धरून आपा वेबसाइट बनवायला शिकल्या. रक्त देणाऱ्यांची नावं वेबसाइटवर टाकली न्हाईत. कार्डांत पोरीबाळी होत्या, कोणी रिकामटेकडा फोन करून त्रास देईल म्हणून. वेबसाइटवर फक्त एक फॉर्म ठेवला: कोणाला, कोणत्या दवाखान्यात, कोणत्या गटाचं रक्त पाहिजे आणि फोन कोणाला करायचा. फॉर्म आला की आपा पेटीतून कार्ड काढणार आणि त्या माणसाला धाडणार. मागणी फोनवर घेत नव्हत्या. एकदा फोनवर कोणीतरी घाईत निगेटिव्हचं पॉझिटिव्ह सांगितलं होतं आणि माणूस नांदेडला जाऊन परत आला होता. तेव्हापासून एकच उत्तर: "लिहून पाठवा."

दोन वर्षं फॉर्म चांगला चालला. मग कचरा यायला लागला.

मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं आपांचं मशीन बिघडलं. गोळ्यांच्या जाहिराती, जुगाराच्या जाहिराती, बाईमाणसापुढं वाचू नये असं काहीबाही. आपा म्हणाल्या, हे माणूस पाठवत न्हाई. कुठं तरी परमुलुखात मशीनी चालू असतात, बॉट म्हणतात त्यांना. त्या जगभरचे फॉर्म हुडकत फिरतात आणि दिसला फॉर्म की भरतात. त्यांना रक्ताचं काय आणि बाळापूरचं काय. आधी दिवसाला पाच-दहा यायचे. मग शंभराच्या वर गेले. आपा एकेक पुसत बसायच्या.

एका सकाळी हट्टा गावचा एक माणूस दुकानात आला. धोतर, डोक्याला टॉवेल. उभ्यानंच बोलला. "म्याडम, आमी परवा नांदेडातून रक्ताचा फॉर्म भरला होता. तो आला होता का, एवढंच विचारायला आलो."

आपांनी मशीन चालू केलं. पट्टी पडद्याला लावली, एकेक ओळ खाली सरकवत गेल्या. बराच वेळ गेला. पट्टी थांबली. दोन्ही बाजूंनी जुगार आणि मधे त्या माणसाच्या बायकोचं नाव.

"आला होता," आपा म्हणाल्या. "परवा दहा वाजता. मी पाहिला न्हाई."

दुसरं कोणी असतं तर लाईन बंद होती, मशीन बंद होतं, काहीबी सांगितलं असतं. विचारायला कोण येणार होतं? त्या माणसानं डोक्याचा टॉवेल सोडून हातात घेतला. मग म्हणाला, "व्हय का. म्हणजे आमचं पाठवायचं चुकलं न्हाई." आणि गेला. त्याची बायको आदल्या दिवशीच गेली होती, हे मला मागाहून कळलं. आपांना त्याच्या तोंडाकडं बघूनच कळलं असावं.

त्या दिवशी क्लास झाला न्हाई.

पुढचा महिनाभर त्या या कचऱ्यामागं लागल्या. आधी त्यांनी फॉर्मच्या पानावरच तपासणी बसवली: फोन नंबर बराबर नसेल तर बटण दबणार न्हाई. कचरा येतच राहिला. मी विचारलं, काहून? तर म्हणाल्या, "मामा, मशीनी पान उघडतच न्हाईत. पानावरची तपासणी माणसाला अडवते. मशीनी मागच्या मागं सरळ आत माल फेकतात." मग वाकडीतिकडी अक्षरं दाखवून ती ओळखायला लावायचं करून पाहिलं. माझ्यावरच परीक्षा घेतली. तीनदा चुकलो. मी म्हणलं, "रक्तासाठी धावणाऱ्या माणसाला तुमी अक्षरओळख विचारणार? मला तर तुमी मशीन ठरवलं." दुसऱ्या दिवशी ती अक्षरं काढून टाकली.

शेवटी त्यांनी तपासणी सर्व्हरवर नेली. सर्व्हर म्हणजे दूर कुठं तरी ठेवलेलं मशीन, जिथं वेबसाइट राहते आणि प्रत्येक फॉर्म शेवटी जिथं पोचतो. मला त्यांनी फाटकाच्या भाषेत सांगितलं. "बाहेर पाटी लावून उपयोग न्हाई, मामा. आत उतरलेला माल तपासायचा." तीन गोष्टी तपासायच्या. फॉर्म किती वेळात भरला? माणसाला मिनिट तरी लागतं. दोन सेकंदांत भरला तर ते मशीन. एकाच ठिकाणाहून किती आले? आणि तिसरा एक न दिसणारा रकाना. फॉर्मात एक जास्तीचा रकाना ठेवायचा, पण डोळ्याला दिसणार न्हाई असा लपवायचा. माणसाला तो दिसणार न्हाई, म्हणून माणूस तो कोराच सोडणार. मशीन आंधळं, समोर येईल ते भरणार. रकाना भरलेला आला की फॉर्म रद्द.

हा रकाना त्यांना फार आवडला होता. पहिल्यांदाच त्यांच्या तोंडून "कोरा तो खरा" असं ऐकलं आणि मी हसलो. त्या हसल्या न्हाईत.

इथं आमचं भांडण झालं, दोन गोष्टींवरून. आपा रद्द झालेले फॉर्म पुसून टाकणार होत्या, आणि पाठवणाऱ्याला मात्र "धन्यवाद, तुमची मागणी मिळाली" असंच दिसणार होतं.

"हाकललेल्या गाडीवाल्याला मी तोंडावर सांगतो की तुला हाकललं," मी म्हणलं. "आणि त्याची नोंदबी ठेवतो."

"चोराला सांगू, की कोणत्या कुलपानं पकडला? उद्या दुसरी किल्ली घेऊन येईल."

"आणि चोर नसला तर?"

"न दिसणारा रकाना कोण भरंल मामा, सांगा!"

पण नोंदीचा हट्ट मी सोडला न्हाई. फाटकावर परत पाठवलेल्या गाड्यांची वही मी आयुष्यभर ठेवली, आणि ती कधी वाया गेली न्हाई. चार दिवस मी त्यांच्या दुकानाची पायरी चढलो न्हाई. पाचव्या दिवशी त्यांनी रस्त्याच्या पलीकडून हाक मारली. "या मामा! ठेवलेत तुमचे फेटाळलेले, एका वेगळ्या कप्प्यात. पण बघत तुमीच बसायचं. मला येळ न्हाई."

म्हणून दररोज चार वाजता, मोंढा उरकला की मी त्या कप्प्यासमोर बसायचो. खालच्या बाणाची कळ दाबायची, एवढंच मला दाखवलं होतं. शब्द कळत नव्हते, पण ट्रकांच्या पाट्या वाचणाऱ्याला आपल्याकडचा नंबर आणि परका नंबर लगेच वेगळा दिसतो. तीन महिने बसलो. सगळा परका माल. आपा मागून विचारायच्या, "घावला का चोरांत तुमचा साव?" मी खालचा बाण दाबत राहायचो.

मग एका दिवशी दहा-बारा ओळी खाली गेलो आणि हात थांबला. दहा आकडी नंबर, चौऱ्याण्णवनं सुरू होणारा. त्याच्या वर मोठ्या अक्षरांत ओ, आणि NANDED. ती पाटी मी हजार वेळा वाचलेली.

"आपा, हा माल आपल्याकडचा हाय."

त्या आल्या. पट्टी लावली. वाचलं. मग मनगटावरचं घड्याळ बघितलं. फॉर्म सकाळी अकराला आलेला. आता सव्वाचार. तांड्यावरची बाई, नांदेडच्या दवाखान्यात, बाळंतीण. ओ निगेटिव्ह, दोन बाटल्या. पाठवणारा केशव राठोड, वारंगा फाटा. क्लास सोडल्यावर केशवनं फाट्यावर स्वतःचं इंटरनेटचं दुकान टाकलं होतं.

इंटरनेट चालू असलं की टेलिफोन लागत नसे, तार एकच. आपांनी आधी मशीनीची तार उपटली आणि मग फोन उचलला. तिकडून केशव म्हणाला, "आपा! दुपारपासून लावून राहिलो, तुमचा फोन सारखा गुंतलेला. मला वाटलं तुमी माणसंच जमवून राहिल्या. मला तर धन्यवाद आलं होतं."

आपांनी एवढंच विचारलं, "बाई हाय का?"

"हाय. पण डॉक्टर घाई करून राहिले. एक बाटली तिथं भेटली, ती चढवली. दुसरी कुठंच न्हाई."

पेटीत ओ निगेटिव्हची कार्डं तीन. एक मास्तर, त्यांची बदली झालेली. एकजण ऊसतोडीला गेलेला. तिसरं कार्ड पेटीतलं सगळ्यात जुनं, बहीण गेल्यावर आपांनी स्वतःचा गट तपासून टाईप केलेलं, कडा पिवळ्या पडलेलं. ते आपांनी वाचलंबी न्हाई. तसंच परत ठेवलं, बुरखा घेतला, आणि पोरांना म्हणाल्या, "क्लास बंद. मामा, जीप बघा."

काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलत न्हाई. मी ड्रायव्हरला म्हणलं, मोंढ्यात तुझी गाडी परत कधी यायची असंल तर आत्ता चालू कर. चालू केली. रस्त्यानं आपांच्या हातात पट्टी तशीच राहिली होती, तिच्यावर बोटं घट्ट. मला सारखा हट्ट्याचा तो माणूस आठवून राहिला होता, आणि मला खात्री आहे, त्यांनाबी तोच.

वारंगा फाट्यावर केशव रस्त्यातच उभा होता. समोर येऊन बसला. जीप हायवेला लागली तेव्हा आपांनी विचारलं, "केशव, तू फॉर्म भरला तेव्हा एक जास्तीचा रकाना दिसला का?"

"दिसला की. लाईन मंद होती, पान पुरतं उतरलंच न्हाई. रंग न्हाई, चौकटी न्हाई, नुसते रकाने एकाखाली एक. शेवटी एक होता, वेबसाइट म्हणून."

आपांनी डोळे मिटले. रकाना लपवायची सूचना पानाच्या ज्या भागात होती, तो भाग उतरलाच नव्हता. न दिसणारा रकाना केशवला उघडा दिसला.

"मग तो कोरा काहून सोडला न्हाई?"

केशव गडबडला. उजव्या हाताची बोटं त्यानं नकळत मुठीत घेतली. चांगला तीस वर्षांचा बाप्या, दोन लेकरांचा बाप. "आपा, तुमीच तर... तांड्यावरच्या बाईकडं कुठली वेबसाइट? मी निरंक लिहिलं."

समोरून ट्रक जात होते, मी पाट्या वाचत बसलो. बऱ्याच वेळानं आपा म्हणाल्या, "बराबर लिहिलं तू. चूक माझी हाय." आणि या वेळी बराबरच्या पुढं प्रश्न नव्हता.

दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांच्या अंगाकडं बघून वजनकाटा दाखवला. आपा काट्यावर चढल्या, जेमतेम पास झाल्या. आत नेलं. मी आणि केशव बाहेर. बाईचा नवरा भिंतीला टेकून बसला होता, त्याला कोणीतरी सांगितलं होतं की बाळापूरहून माणसं निघालीत, तर तो दर पाच मिनिटांनी मला विचारायचा, "तुमीच का ते बाळापूरचे?" मी व्हय म्हणायचो. त्याला वारंवार तेच ऐकायचं होतं.

अंधार पडून बराच वेळ झाल्यावर नर्स बाहेर आली. बाई शुद्धीवर होती, तिनं पाणी मागितलं होतं. केशव तिथंच खाली बसला. आत निजवून ठेवलेल्या आपा तिच्यामागून दंडाला कापूस दाबून आल्या. नवरा त्यांच्या पाया पडायला वाकला, तर त्या झटकन मागं सरकल्या. "माझ्या न्हाई. पाच तास मीच तुमाला दाराबाहेर ठेवलं होतं." त्याला काही कळलं न्हाई. त्यानं पाया पडून घेतलंच.

दुसऱ्या दिवशी आपांनी फॉर्म बदलला. लपवलेला रकाना ठेवला, पण त्याच्या नावातच मराठीत लिहिलं: "हा रकाना दिसला तर कोरा सोडा." धन्यवादाच्या खाली ओळ टाकली: तासाभरात आमचा फोन आला न्हाई तर या नंबरावर फोन करा. त्यासाठी एक मोबाइल घेतला. केशवलाबी सांगून ठेवलं, की एवढा एक रकाना सोडायचा. केशव म्हणाला, "हात वळंल का न्हाई, सांगता येत न्हाई."

आणि चार वाजताची माझी खुर्ची त्यांनी घेतली. मी म्हणलं, अहो, मी हाय की. त्या म्हणाल्या, दोघं बसू. कचरा वाढतच गेला होता, पण सर्व्हर तो अडवायचा, फॉर्म स्वच्छ यायचे, गावोगाव रक्त पोचायचं. लोकांना तेवढंच दिसलं. रोज चार वाजता ही बाई जगभरचा जुगार आणि घाण, पट्टी लावून, ओळ न ओळ वाचते, हे कोणाला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं. त्यात खरा फॉर्म पुन्हा कधी घावला न्हाई. मी एकदा म्हणलं, आता पुरे, रकान्याचं तर तुमी सुधारलं. त्यांनी पट्टी न हलवता सांगितलं, "एका चुकीचं सुधारलं, मामा. दुसरी अजून मला ठाऊक न्हाई."

मग त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. अक्षरं फुटायला लागली. भाऊ परभणीहून न्यायला आला, म्हणाला ऑपरेशन करू आणि तिकडंच राहा. दुकान केशवनं घ्यायचं ठरलं. त्याला कार्डांच्या पेट्या दिल्या. मला पट्टी दिली.

एसटी स्टँडवर पोहोचवायला मी गेलो होतो. दुपारची साडेतीनची गाडी. आपा खिडकीला बसल्या. मी खाली उभा होतो तरी त्या दुसरीकडंच बघत होत्या, इतकं कमी दिसत होतं. मी आवाज दिला तेव्हा तोंड वळवलं. गाडी चालू झाली, मागं घेतली, फाटकाकडं वळली. तेवढ्यात खिडकीतून हात बाहेर आला, ते मोठं घड्याळ कोपरापर्यंत घसरलेलं.

"मामा! आजचं फेटाळलेलं बघितलं का?"

आयुष्यात फाटकावर मी खोटं बोललो न्हाई. "बघितलं!" म्हणून ओरडलो. "बराबर!" असं आतून आलं, आणि गाडी गेली.

मी तसाच दुकानात आलो. केशव म्हणाला, "मामा, चहा सांगू?" मी म्हणलं, आधी तो कप्पा उघड. आणि पट्टी पहिल्या ओळीखाली ठेवली.